उजव्या काठाची वाट

कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका नदीचा नकाशा मी मस्कतमध्ये बसून काढला. ती नदी मी कधी पाहिलेली नाही. पण उगमापासून समुद्रापर्यंत तिचं एकेक वळण मी माउसने गिरवलं आहे आणि त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. त्या नकाशातून मी एक रेघ काढून टाकली. तिच्याबद्दल लिहायचं आहे.

मी पुण्यात ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, काही वर्षं कालव्यांची ड्रॉइंग्ज काढली आणि लग्नानंतर दोन वर्षांनी इकडे आलो. आमचं ऑफिस मस्कतच्या अल् खुवैर भागात. काम मुख्यतः वादींच्या नकाशांचं. वादी म्हणजे इथली नदी. वर्षातले बहुतेक दिवस तिच्यात नुसते दगडगोटे असतात आणि डोंगरात पाऊस झाला की तासाभरात गाड्या वाहून नेईल एवढं पाणी येतं. ते कुठून येईल, कुठं पसरेल, कुठं घरं बांधू नयेत, हे आम्ही नकाशावर दाखवायचं.

या कामासाठी कॅनडाहून एक तज्ज्ञ आले होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, खांद्यात जरा वाकलेले, हाताचे पंजे मात्र सुतारासारखे. ऑफिसात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, मी सर म्हणायचो. त्यांची बायको तिकडेच होती, एक मुलगी शाळेत शिकवत होती. इथं ते एकटे राहायचे आणि दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसायचे. सुरुवातीला स्वतःचं सँडविच आणायचे. महिन्याभरात सँडविच बंद झालं आणि माझ्या डब्यात बायको दोन पोळ्या जास्त घालू लागली. थालीपीठ असलं की त्यांना फार आनंद व्हायचा. त्याला ते भोकांची भाकरी म्हणायचे.

त्याच सुमारास आमच्या मुख्य ऑफिसला, जे परदेशात आहे, त्या उत्तरेकडच्या नदीचं काम मिळालं. उपग्रहाच्या फोटोंवरून रेघा गिरवायचा किचकट भाग त्यांनी आमच्याकडे पाठवला, कारण आमचे पगार कमी. आमच्याकडून तो माझ्या टेबलावर आला.

पहिले दोन दिवस मला त्या फोटोत नदीच सापडेना. मला मुळा-मुठा माहीत, कृष्णा माहीत. नदी म्हणजे दोन काठ आणि मध्ये पाणी. इथं पडद्यावर काळपट हिरवं रान आणि त्यात शेकडो तळी, काचेचं ताट फुटून तुकडे विखुरावेत तशी. त्यातलं कुठलं तळं नदीचं आणि कुठलं नुसतंच तळं, काही कळायला मार्ग नव्हता. मी वैतागून बसलो होतो, तेवढ्यात सर चहाचा कप घेऊन मागून गेले, दोन पावलं पुढे जाऊन थांबले आणि परत आले.

"ही तुमच्याकडे कशी आली?" त्यांनी विचारलं.

मी कामाचं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "इथं मी बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पाण्याचं मोजमाप करणाऱ्या तुकडीत. अख्खा उन्हाळा होडीतून."

"सर, यात नदी कुठली ते कसं ओळखायचं?"

"पाण्यावर एक पीस टाकायचं. सरकलं तर नदी, जागच्या जागी राहिलं तर तळं."

"आणि फोटोवर पीस कसं टाकू?"

ते मोठ्यांदा हसले. त्या दिवसापासून रोज दुपारी डबा खाऊन झाला की अर्धा तास ते माझ्या शेजारी बसू लागले.

त्यांनी मला ती नदी शिकवली असं म्हणायला हरकत नाही. तिकडे एके काळी डोंगराएवढ्या जाडीचा बर्फ होता. त्याने खडक खरवडून काढला आणि वितळून गेला. मागे राहिलेल्या खळग्यांत पाणी साचलं, एक खळगा भरला की पाणी पुढच्यात सांडायचं. तीच ही नदी. म्हणून ती तळ्यातळ्यातून जाते, मध्येच दोन फाटे फुटतात, ते पुन्हा एकत्र येतात. बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन अजून हळूहळू वर येते आहे, म्हणून मुखाशी समुद्र मागे हटतो आणि नदीला तेवढंच पुढे जावं लागतं. बर्फाखालच्या ओढ्यांनी वाळूचे लांबच लांब बांध घातलेत, रेल्वेच्या भरावासारखे. त्या बांधांवरच जरा कोरडी जमीन मिळते, बाकी सगळी दलदल आणि तिच्याखाली कायमची गोठलेली माती. मनगटाएवढ्या खोडाचं झाड शंभर वर्षांचं असू शकतं. मे अखेरीला नदीवरचा बर्फ फुटतो तेव्हा तोफा डागल्यासारखे आवाज येतात. मग महिनाभर डास. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, पण पिऊन पाहिलं तर गोड.

मी ऐकत होतो आणि गिरवत होतो. घरी येऊन बायकोला सांगत होतो. ती म्हणायची, "इतकी वर्षं इथल्या वादीत राबलात, तेव्हा एवढं कधी बोलला नाहीत." ते खरं होतं.

एक दिवस आम्ही मोठ्या धबधब्यापाशी पोचलो. तिथं नदीच्या मधोमध एक बेट आहे. सर बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले, मग माझी पेन्सिल घेऊन माझ्या रायटिंग पॅडवर चित्र काढू लागले. बेट, धबधबा, उजव्या काठाला घराएवढा एक दगड, त्या दगडामागे होडी लावण्यापुरती खोबण. तिथून वाळूच्या बांधावर चढून झाडीतून जाणारी आणि धबधब्याच्या खाली उतरणारी एक तुटक रेघ.

"ही पोर्टेज," ते म्हणाले. "होडी खांद्यावर घेऊन चालायची वाट."

फोटोत तिथं नुसतं काळं जंगल दिसत होतं. मी तसं म्हणालो.

"दिसणार नाही. पाऊलवाट आहे. त्या नदीवरच्या मूळ लोकांची, किती जुनी कुणास ठाऊक. आमच्या तुकडीला वाट दाखवायला त्यांच्यातला एक म्हातारा होता. झाडांवर कुऱ्हाडीच्या खुणा होत्या, त्या त्याने मला एकेक करून दाखवल्या. म्हणाला, माझी मुलं गावात राहायला गेली, ती आता इकडे फिरकायची नाहीत. तू हे कागदावर घाल."

"घातलंत?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "नाही. मी पाणी मोजायला गेलो होतो, वाटा काढायला नाही. अहवालात त्यासाठी जागा नव्हती. पुढच्या वर्षी घालू म्हटलं, पुढच्या वर्षी मला दुसरीकडे पाठवलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुम्ही घाला."

मी त्यांच्या चित्रावरून ती वाट नकाशात घातली. ते शेजारी बसून सांगत होते, थोडी डावीकडे, अजून, हां, इथून खाली. नकाशातल्या प्रत्येक रेघेपुढे ती कशावरून काढली ते नोंदवावं लागतं. मी तिथं 'प्रत्यक्ष पाहणी' असं लिहिलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांत सरांची तब्येत बिघडली. आधी हात थरथरू लागला. मग एकदा गाडी कुठं लावली तेच आठवेना, आम्ही दोघं ऑफिसजवळच्या मंत्रालयांच्या मागच्या गल्ल्यांतून उन्हात तासभर शोधत फिरलो. तपासण्या झाल्या. कंत्राट संपायला अवकाश होता, पण मुलीने त्यांना परत बोलावून घेतलं. विमानतळावर मीच सोडलं. बायकोने थालीपिठं बांधून दिली होती. आत जाताना ते वळून म्हणाले, "ती वाट ठेवा हं."

"हो सर," मी म्हणालो.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने तो तपासायला घेतला. तोही आपल्याच मुंबईचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे प्रत्यक्ष पाहणी काय आहे? कोणाची पाहणी?"

मी सांगितलं.

"त्यांची सही आहे? तारीख? जीपीएसचे पॉइंट?"

"नाही. पण मेल केला तर लिहून पाठवतील."

"कधी? तब्येत बरी नाही ना त्यांची? अहो, फाइल गुरुवारी जायची आहे. क्लायंटने विचारलं तर काय सांगू, एका अंकलने लंच टाइममध्ये सांगितलं? काढून टाका ती लाइन. एकच तर आहे. यल्ला, चला, खलास करा."

त्याला दोष देऊन उपयोग नाही. नियम तोच होता आणि योग्यही होता. मी जर म्हटलं असतं की चार दिवस द्या, मी त्यांच्याकडून सहीचा कागद मागवतो, तर त्याने कुरकुर केली असती पण दिले असते, असं मला आजही वाटतं. मी म्हटलं नाही. पुण्याला भाचीचं लग्न होतं आणि माझं शुक्रवारचं तिकीट काढलेलं होतं. फाइल अडकली असती तर माझी रजाही अडकली असती. मी टेबलाशी आलो, रेघ सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. तिच्याबरोबर 'प्रत्यक्ष पाहणी' हे शब्दही गेले.

लग्नाच्या दिवशी सरांचा मेल आला. एका बोटाने टाइप केलेला असावा, निम्मे शब्द चुकलेले. नकाशा गेला का, वाट ठेवली का, एवढंच विचारलं होतं. मी कार्यालयाच्या अंगणात उभा होतो, आत अक्षता वाटत होते आणि मेहुणा मला हाका मारत होता. मी फोनवरच उत्तर लिहिलं. हो सर, आहे.

लिहिताना मला ते खोटं वाटलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत घालणारच होतो. परत आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलंही. ती म्हणाली, "मग आत्ताच त्यांना खरं कळवा आणि सही मागवा." मी म्हटलं, कळवतो. पण तेवढ्यात दुसऱ्या एका वादीचं घाईचं काम अंगावर आलं. सरांचे आणखी दोन मेल आले. त्यांत वाटेचा विषय नव्हता. मी 'आहे' म्हटल्यावर त्यांना पुन्हा विचारायचं काय कारण? मी त्यांना इथल्या उन्हाळ्याबद्दल लिहिलं. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीचा मेल आला की ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात ती मस्कतला आली. वडिलांनी शेवटचं काम जिथं केलं ती जागा तिला बघायची होती. चाळिशीतली, त्यांच्यासारखीच उंच. एका संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आली, थालीपीठ बघून हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. शुक्रवारी मी तिला डोंगरापलीकडच्या निझवा गावाच्या बाजूला घेऊन गेलो. तिथल्या एका वादीवर पाणी अडवून जमिनीत मुरवणारा बांध आहे. सरांनी त्याचा बराच अभ्यास केला होता. आम्ही बांधावरून चालत गेलो. खाली कोरडी वादी होती, पांढरे गोटे उन्हात चमकत होते. तिने विचारलं, "यात खरंच पाणी येतं?" मी म्हटलं, येतं. मग आम्ही सावली बघून एका दगडावर बसलो आणि ती वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगू लागली.

"त्यांना त्या नदीवरच्या एका वाटेचं वेड लागलं होतं," ती म्हणाली. "कागदावर, पेपर नॅपकिनवर, एकदा तर चादरीवर, सारखी तीच वाट काढायचे. दगड, खोबण, वाळूचा बांध. नर्सला सांगायचे, डॉक्टरांना सांगायचे. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, माणूस कुठल्यातरी एका गोष्टीला धरून बसतो. पण ते म्हणायचे, मस्कतच्या माझ्या मित्राने ती नकाशात घातली आहे. म्हणून मी वाढदिवसाला तो नवा नकाशा मोठा छापून घेतला आणि त्यांच्या मांडीवर पसरला. म्हटलं, बाबा, दाखवा तुमची वाट."

ती पुढे सांगू लागली.

"आम्ही दोघांनी शोधली. भिंग आणून शोधली. बेट होतं, धबधबा होता. वाट नव्हती. ते खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, त्याने ठेवली नसेल तर ती तिथं नसणार. तो तपासल्याशिवाय रेघ पुसणारा माणूस नाही. माझ्याच डोक्यात काहीतरी घोळ झाला असेल." तिने पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही. "त्यानंतर त्यांनी ते चित्र काढलं नाही. त्या वेळी मला बरं वाटलं, खरं सांगते. वाटलं, चला, डोकं शांत झालं. पंधरा दिवसांनी गेले."

मग तिने मला विचारलं, "होती का हो तिथं वाट?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तिथं आम्ही दोघंच होतो आणि तिने सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "फोटोत दिसत नव्हती." हे वाक्य खरं आहे, म्हणून तर ते मला अजून सोडत नाही. तिने मान हलवली. आम्ही उठलो. वाटेत निझवाच्या बाजारातून तिने तिच्या आईसाठी खजूर घेतले. घासाघीस करायला मी मदत केली.

घरी आलो तेव्हा बायकोने माझा चेहरा बघूनच विचारलं, "सांगितलंत तिला?"

"नाही."

"अहो, उद्या दुपारी जाते आहे ती. सकाळी हॉटेलवर जा आणि सांगा. रागावेल, रडेल, पण समोरासमोर होऊन जाईल."

सकाळी मी हॉटेलवर गेलो, तिची बॅग गाडीत ठेवली, तिला विमानतळावर सोडलं. रस्ताभर ती तिच्या शाळेबद्दल बोलली. मी ऐकत होतो. सांगितलं नाही.

सांगायला मला दीड महिना लागला, आणि तेही मेलवर. सगळं लिहिलं. मॅनेजरचं नाव मध्ये आणलं नाही. तिकिटाचं आणि लग्नाचं लिहिलं, कारण ते लिहिलं नसतं तर पुन्हा अर्धंच झालं असतं. मेल पाठवल्यावर बायकोला वाचून दाखवला. ती एवढंच म्हणाली, "आता वाट बघा."

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तिने लिहिलं होतं की ती खूप चिडली होती आणि अजून चिडलेली आहे. नकाशा वडिलांच्या मांडीवर तिने स्वतःच पसरला होता, ते ती माझ्यावर ढकलणार नाही. पण त्या आजारात त्यांचं जेवढं शाबूत होतं, तेही आपण त्यांच्याकडून काढून घेतलं, तुम्ही आणि मी मिळून, असं तिचं वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं, तुमच्याकडे त्यांच्या हातचं चित्र असेल तर पाठवा.

ते होतं. जुनं रायटिंग पॅड मी टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्कॅन करून पाठवलं, शिवाय धबधब्याच्या परिसराचा मोठा नकाशा काढून त्यावर ती वाट जशी मला आठवत होती तशी घातली.

त्या उन्हाळ्यात ती स्वतः तिकडे गेली. शाळेतली एक मैत्रीण आणि तिथल्या वस्तीवरचे दोन होडीवाले बरोबर होते. परत आल्यावर तिने फोटो पाठवले. घराएवढा दगड होता. त्याच्यामागे खोबण होती, तिच्यात त्यांची होडी लावलेली दिसत होती. वाळूच्या बांधावर शेवाळ माजलेलं, आडवी पडलेली झाडं, पण मधून माणूस जाईल एवढी खोलगट पट्टी स्पष्ट होती. एका वाळलेल्या खोडावर कुऱ्हाडीची जुनी खूण होती, तिच्या कडा आत वळलेल्या. साधारण निम्म्या अंतरावर मात्र वाट संपली. पुढचं जंगल अलीकडच्या वणव्यात जळून गेलं होतं, काळी खोडं एकमेकांवर पडली होती. होडीवाल्यांनी पुढे जायला नको म्हटलं आणि ते परतले. फोटोंबरोबर तिने जीपीएसचे पॉइंट, तारीख आणि सहीचा कागद पाठवला होता. नकाशात दुरुस्ती करून घ्या, एवढी एकच ओळ.

मी मॅनेजरकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच बोलायचं ना." मुख्य ऑफिसला त्याने स्वतः मेल केला, दोनदा आठवणही करून दिली. प्रोजेक्ट बंद झालेला असल्यामुळे पुष्कळ महिने काही हाललं नाही. यंदा नवी आवृत्ती निघाली. तिच्यात वाट आहे. दगडापासून सुरू होते, बांधावरून जाते आणि निम्म्यात थांबते. पुढचा भाग पुराव्याअभावी घातलेला नाही. माझ्याकडे सरांचं चित्र होतं, तेही मी पाठवलं होतं. मुख्य ऑफिसने कळवलं की अशा चित्रावरून रेघ काढता येत नाही. माझंही काम हेच आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसंच कळवलं असतं.

नकाशाचा तो भाग मी तिला पाठवला आणि खाली लिहिलं की उरलेली वाट घालता आली नाही, माफ करा. तिचं उत्तर आलं नाही. बायको म्हणते, आलं नाही तरी तुम्ही पुन्हा लिहू नका, तिला आता राहू दे. मी अजून लिहिलेलं नाही.